गुळगुळीत पाय

ठकी शिल्पकला शिकायला लागली तेव्हापासून घरातली वस्तू घरात सापडेल याची खात्री उरली नव्हती. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तान्ही असताना ती अंग ताठ करून, डोळे टक्क उघडे ठेवून लाकडी बाहुलीसारखी पडून राहायची, म्हणून आत्याने पाडलेलं ते नाव, आणि पोर एकवीस वर्षांची झाली तरी चिकटून बसलेलं. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. ‘आमची ठकी आता दुसऱ्या ठक्या घडवते,’ असं ती आल्यागेल्याला सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कलाशाळेच्या तिसऱ्या वर्षाला, शिकवणाऱ्या मॅडमनी वर्षभरात तीन शिल्पं करायला सांगितली होती. अट एकच. विकतचं काही आणायचं नाही. माती नको, दगड नको, धातू नको. घरात रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तू घ्यायच्या आणि त्यांतून आपल्या मनातलं काही सांगायचं. वस्तूला आधी विचारा, मग तिला हात लावा, असं मॅडम म्हणाल्या आणि सगळ्या वर्गाने ते वहीत लिहून घेतलं. वस्तूच्या धन्यालाही विचारायचं असतं, हे लिहून घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पहिलं शिल्प कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचं. आत्याची मान वर्षानुवर्षं दुखते. ठकीने दीडशे चिमटे एकमेकांना चावायला लावून त्यांची एक मान आणि एक खांदा उभा केला. घरात महिनाभर कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळले. आत्याने त्यावरून घर डोक्यावर घेतलं, पण कलाशाळेत जाऊन ते काम बघितल्यावर स्वतःच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, दुखतं ते अगदी असंच. दुसरं शिल्प साबणाचं. आई दवाखान्यात नर्स, दिवसातून चाळीस वेळा हात धुणारी. उरलेल्या साबणाच्या चपट्या वड्या ठकीने सहा महिने जमवल्या, दाबून दाबून त्यांचे दोन उघडे तळवे केले आणि ते उन्हात ठेवून त्यांना भेगा पडू दिल्या. आई ते बघून हसली, घरी आल्यावर मात्र कपाटातली क्रीमची बाटली शोधून हाताला चोळत बसली.

या दोन कामांनी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते तिसऱ्याने.

ठकीचे वडील जोडे करायचे. साधे जोडे बाजारात ढिगाने मिळतात. ज्यांचे पाय बाजाराच्या मापात बसत नाहीत त्यांचे जोडे हे करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाचं अर्धं पाऊल अपघातात गेलेलं. गिऱ्हाइकं त्यांना उस्ताद म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं बुटकं स्टूल, समोर चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, घासायची कानस, खिळ्यांचा डबा, आणि तीन भिंतींवर फळ्या. फळ्यांवर कलबुतं. कलबूत म्हणजे लाकडी पाऊल. त्याच्यावर चामडं ताणून जोडा शिवायचा. ज्याची त्याची वेगळी जोडी.

उस्ताद कागदावर काही लिहीत नसत. गिऱ्हाइकाने नवा जोडा घालून आठवडाभर चालायचं आणि येऊन सांगायचं, इथे टोचतंय, तिथे सैल आहे. उस्ताद पायाची ती जागा अंगठ्याने दाबून बघायचे आणि लगेच कलबुतावर तिथे नखाएवढा चामड्याचा तुकडा खिळ्याने ठोकायचे, नाहीतर कानशीने केसभर लाकूड उतरवायचे. पुन्हा आठवडा, पुन्हा तुकडा. अशी वर्षं गेली की ते लाकूड ठिगळांनी भरून जायचं, मळकट आणि गाठाळ दिसायचं. पण त्या माणसाचं सगळं चालणं त्या गाठींत जमा झालेलं असायचं. वही का ठेवत नाही, असं आईने एकदा विचारलं होतं. वही वाचावी लागते, हे हाताला नुसतं कळतं, असं उस्ताद म्हणाले होते.

ठकीच्या मनात तिसरं शिल्प होतं ते वडिलांचं. पस्तीस वर्षं हा माणूस त्या बुटक्या स्टुलावर बसून आहे. दुसऱ्यांनी चालावं म्हणून बसून आहे. स्वतः गल्लीच्या टोकापलीकडे गेला तर वर्षातून दोनदा. तर मधोमध तसंच एक रिकामं स्टूल ठेवायचं आणि त्याच्यापासून चहूकडे निघालेली पावलं; पावलांची गर्दी, सगळी पाठमोरी. वडिलांना तिने एवढं सगळं सांगितलं नाही, फक्त जुनी कलबुतं मिळतील का म्हणून विचारलं. त्यांनी माळ्यावरची गोणी दाखवली. ती माणसं आता चालत नाहीत, म्हणाले. म्हणजे कुणी वारलेलं, कुणी अंथरुणाला खिळलेलं. गोणीच्या तोंडाची दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिली.

गोणीत बारा जोड्या निघाल्या. म्हणजे पावलं चोवीस. ठकीने ती मांडून बघितली, तर गर्दी काही होईना. रांगेत उभी राहिलेली चार माणसं वाटावीत तशी ती दिसत होती.

दारामागच्या सगळ्यात खालच्या फळीवर दोन रांगांत कोंबून ठेवलेली कलबुतं होती. मागच्या रांगेवर बोटभर धूळ. दुपारची वेळ, उस्ताद पडद्याआड जेवून आडवे झाले होते आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता. धूळ आहे म्हणजे ही माणसंही येत नसणार, असं ठकीने स्वतःला सांगितलं. विचारावं का? पण झोपलेल्या माणसाला उठवू नये, हा विचार तिला इतका वेळेवर सुचला की तिचं तिलाच नवल वाटायला हवं होतं. खरं तिला ठाऊक होतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

तिने मागच्या रांगेतल्या नऊ जोड्या काढल्या आणि उरलेल्या थोड्या थोड्या सरकवून ठेवल्या, म्हणजे खिंडार दिसू नये. आपण काही वावगं करत नाही असं ज्याला वाटतं, तो माणूस खिंडार बुजवत नाही. हेही तिला पुढे फार वेळा आठवलं.

कलाशाळेत तिने ती सगळी पावलं टेबलावर मांडली आणि त्यांच्या अंगावरची चामड्याची ठिगळं पकडीने उपटून काढली. ठिगळं गेली की आतला आकार बोलेल, असा तिचा हिशोब. मग घासायच्या यंत्रावर एकेक पाऊल धरलं, खिळ्यांची भोकं भुसा आणि डिंकाने बुजवली, वरून मेण चोळलं. तीन आठवडे ती खपली. शेवटी बेचाळीस पावलं तयार झाली, पांढुरकी आणि हाडासारखी गुळगुळीत. त्यांच्यातल्या एका पायाला तर पुढचा भागच नव्हता. ते अर्धं पाऊल तिने मुद्दाम सगळ्यांत पुढे ठेवलं. मॅडमनी दोन फेऱ्या मारल्या आणि वार्षिक प्रदर्शनात मोठ्या दालनाच्या मधोमध हेच काम लागेल असं सांगितलं. त्या दिवशी ठकीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कंडक्टरबाई आल्या.

या बाई बसमध्ये कंडक्टर. लहानपणीच्या आजारात उजवा पाय आखूड राहिलेला, टाच बारीक आणि तीन बोटं आत वळलेली. चौदा वर्षं त्या उस्तादांच्या जोड्यावर उभ्या होत्या. दिवसाचे आठ तास, हलत्या गाडीत. जोडा एकदा केला की दोन-अडीच वर्षं टिकायचा, म्हणून त्या तितक्यानेच यायच्या. दर दोन वर्षांनी त्यांच्या खात्याची तपासणी असे. डेपोचे दोन मजले न थांबता चढून उतरून दाखवायचे. पाय अडखळला तर गाडी सुटली आणि पासाच्या खिडकीमागची खुर्ची मिळाली. बाईंना त्या खुर्चीचा तिटकारा होता. ‘खिडकीमागे बसून माणसांचे नुसते हात दिसतात, मला अख्खी माणसं लागतात,’ असं त्या म्हणायच्या. आता तपासणी चार आठवड्यांवर आली होती आणि जुन्या जोड्याचा तळ एका बाजूने झिजून गेला होता.

उस्तादांनी त्यांना बसवलं, मान न वळवता खालच्या फळीच्या मागच्या रांगेत हात घातला, आणि हात रिकामा बाहेर आला. त्यांनी पुन्हा घातला. मग गुडघे टेकून वाकून बघितलं. ठकी आतल्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती कप न देताच आत वळली.

बाई गेल्यावर शोधाशोध झाली. आत्याने आडवळण न घेता सांगितलं, ठकीला विचार. उस्ताद म्हणाले, ती विचारल्याशिवाय हात लावायची नाही. एवढं म्हणून ते माळ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“ठके, गोणीत होतं का गं ते? माझ्याच हातून गेलं असेल का?”

आता सांगायचं, असं ठकीच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण प्रदर्शन बारा दिवसांवर होतं. आणि वडिलांनी स्वतःच तर तिच्या पुढे वाट करून दिली होती, तिने फक्त त्या वाटेने जायचं होतं.

“असेल, बाबा,” ती म्हणाली. “पण आता ते सगळं घासून झालंय.”

उस्तादांनी मान हलवली. जिवंत माणसाला मी गोणीत भरलं, एवढं ते पुटपुटले, आणि आरी हातात घेऊन काही न करता बसून राहिले.

पुढचे दिवस ठकीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. उस्तादांनी दुसऱ्याच दिवशी बाईंना निरोप धाडला, की चूक माझी आहे, नव्याने माप घेतो, पण तसं लाकूड मिळायला दीड-दोन आठवडे लागतील. मग जन्मात कधी न लिहिणारा हा माणूस चिठ्ठ्या लिहायला लागला. वरच्या फळ्यांवरच्या एकेका कलबुताच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर मोठ्या, लहान मुलासारख्या अक्षरात लिहिलेलं: रंगारी, हयात. फुलवाल्या बाई, हयात. दारामागच्या खालच्या फळीकडे वळायला मात्र ते धजत नसत. जेवताना ते मध्येच उठून पुढच्या खोलीचं दार लावलंय का ते बघून यायचे, आणि लावलेलंच असायचं. आई नर्स, तिने हसत हसत त्यांना आज वार कोणता, काल भाजी काय होती, शंभरातून सात सात वजा करा, असं विचारायला सुरुवात केली. ते शाळकरी पोरासारखे ताठ बसून उत्तरं द्यायचे. सगळी बरोबर यायची, तरी विचारायचे, बरोबर आहे ना? आत्या पहिले दोन दिवस त्यांना विसरभोळे म्हणून चिडवत होती. तिसऱ्या दिवशी तिने चिडवणं बंद केलं, आणि ते ठकीला जास्त लागलं.

एक दिवस ती कलाशाळेत लवकर गेली. बाईंची जोडी तरी ओळखून काढावी, असं तिच्या मनात होतं. बेचाळीस पावलांमधून ती तासभर फिरली. आखूड उजवा पाय तरी सापडायला हवा होता. पण आखूडपणा होता तो तळाला ठोकलेल्या चामड्याच्या थरांत, आणि ते थर तिने पकडीने उपटून कचऱ्यात टाकले होते. उरलेलं लाकूड चारचौघांसारखं होतं. तिने त्यांना इतकं सारखं करून टाकलं होतं, की आता त्यांच्यातलं एकही तिच्याशी बोलेना.

परतताना ती मुद्दाम बाईंच्या बसमध्ये चढली. त्यांनी तिला गर्दीतून हेरलं आणि स्वतःच्या उभं राहायच्या जागेशेजारी खेचून घेतलं. ठकी त्यांच्या पायाकडे बघत राहिली. गाडी वळली की बाई डाव्या पायावर भार घ्यायच्या आणि उजवा नुसता टेकवायच्या. बोलणं चालूच होतं. उस्तादांना सांग, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी गेल्या महिन्यात शिट्टी घरी विसरले आणि दिवसभर तोंडाने वाजवली. ड्रायव्हर म्हणाला, ही शिट्टी जास्त चांगली आहे, हीच ठेवा. ठकी हसली. मावशी, मला तुम्हाला काही सांगायचंय, इतकं ती म्हणालीसुद्धा, पण थांबा आला, माणसं उतरली, माणसं चढली, आणि ती पुढच्या थांब्यावर उतरून गेली. तो तिचा थांबा नव्हता.

प्रदर्शनाला वडिलांनी येऊ नये म्हणून तिने सांगून बघितलं, की जिने फार आहेत आणि गर्दी असते. उस्ताद एरवी आले नसते. पण आत्या म्हणाली, माझी मान लागली तेव्हा मी गेले, आता तुझी कलबुतं लागलीत तर तू चल. तिघंही आले. उस्तादांनी धुतलेला शर्ट घातला होता. दालनाच्या दारातच ते थांबले. रिकामं स्टूल आणि त्याच्यापासून निघालेली पावलं त्यांनी बराच वेळ बघितली, आणि त्यांना ते काम कळलं, हे ठकीला त्यांच्या मानेवरून दिसलं. ते हळूच पुढे झाले. डोळे पाणावलेले होते. वाकून त्यांनी एकेका पावलावरून अंगठा फिरवला, जसा ते गिऱ्हाइकाच्या पायावरून फिरवायचे तसा, आणि सगळ्यांत पुढच्या अर्ध्या पावलापाशी तो अंगठा थांबला.

ते घड्याळवाल्यांचं पाऊल. चौकात घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, यंत्रात पाऊल अर्धं गेलेले. त्यांचा जोडा उस्तादांनी गेल्याच वर्षी केला होता. असं पाऊल साऱ्या गावात दुसरं नव्हतं, आणि ते काही विसरून गोणीत भरता येण्यासारखं नव्हतं.

मग उस्तादांनी सगळी पावलं मोजली. ओठ हलताना दिसत होते. बेचाळीसवर आल्यावर ते सरळ उभे राहिले. गोणीत चोवीस होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि आठवतंय हे त्यांना आता कळलं होतं. त्यांनी ठकीकडे बघितलं. आजूबाजूला माणसं होती, मॅडम होत्या, आई कुणाला तरी अभिमानाने सांगत होती की ही आमची मुलगी.

“लाकूड छान घासलंस,” ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कलबुतांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या कात्रीने कापून काढल्या, सगळ्या. आत्याने विचारलं तर म्हणाले, आता लागणार नाहीत. ठकी दारात उभी होती. तिला वाटलं होतं ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, की बाईंची जोडी डावीकडून सहावी आहे, उद्या काढून आण, नवीन लाकूड तासण्यापेक्षा त्याच्यावरच पुन्हा ठिगळं चढवू. माझं चुकलं, बाबा, असं ती म्हणाली तेव्हा ते कानस पुसत होते.

“चुकलं ते मला कळलं. बाईंना अजून वाटतं मी चुकलो. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने भर प्रदर्शनातून ती जोडी उपटली. मॅडम आधी रागावल्या, आणि मग दोन रिकाम्या जागांकडे बघून म्हणाल्या, की काम आता जास्त बोलतंय. ठकीने जोडी पिशवीत घातली आणि निघाली.

तपासणीला पंधरा दिवस उरले होते. चौदा वर्षांचं काम पंधरा दिवसांत पुन्हा करायचं होतं. जुन्या जोड्यातून काही कळेना, कारण तो आतून ताणला जाऊन पार सैल झालेला. बाई एक दिवसाआड कामावरून थेट यायच्या, कच्चा जोडा घालून गल्लीत चालायच्या आणि सांगायच्या. उस्ताद अंगठा ठेवायचे, ठकी तुकडा कापून द्यायची. आज सांगू, असं ठरवून ती प्रत्येक वेळी बसायची. पण बाई आल्या आल्या उस्तादांची समजूत काढायला लागायच्या, वयाचा विषय निघायचा, आणि उस्ताद मान खाली घालून ऐकून घ्यायचे. ते एका शब्दाने स्वतःचा बचाव करत नसत. आणि ठकीच्या तोंडाचं कुलूप काही उघडत नसे. जोडा झाल्यावर सांगू. तपासणी झाल्यावर सांगू. त्यांच्या डोक्याला आत्ता ताप नको, हेही तिला असंच अगदी वेळेवर सुचलेलं कारण.

तपासणीच्या दिवशी दुपारी बाई आल्या आणि थेट बाकावर बसल्या. दोन्ही मजले चढल्या होत्या म्हणे, मोठ्या तोऱ्यात. उतरताना तिसऱ्या पायरीवर टाच आत सरकली आणि पाय मुडपला. पडल्या नाहीत, कठड्याला धरलं. पण बघणाऱ्याने लिहायचं ते लिहिलं. सहा महिने पासाची खिडकी, मग पुन्हा तपासणी.

आईने पाणी दिलं. बाईंनी ते पिऊन पेला खाली ठेवला आणि उस्तादांनाच धीर द्यायला लागल्या. तुम्ही तरी काय करणार, वय झालं की होतं असं. एक सांगते, राग मानू नका, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की डेपोतल्या आणखी दोघीजणी माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडे यायच्या होत्या, त्यांना मी आज थांबा म्हटलं. उस्तादांचं आता लक्षात राहत नाही म्हटलं. काय करू, त्यांच्याही पायाचा प्रश्न आहे.

उस्तादांनी फक्त हो अशी मान हलवली, आणि ती मान हलताना बघणं ठकीला सोसलं नाही.

“मावशी, बाबा काहीच विसरले नव्हते,” ती म्हणाली. “तुमचं कलबूत फळीवरच होतं. ते झोपले होते तेव्हा मी ते न विचारता नेलं आणि माझ्या शिल्पासाठी घासून टाकलं. त्यांनी विचारलं तेव्हा, त्यांच्याच हातून ते गोणीत गेलं असेल, असं मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. बसमध्येही माहीत होतं.”

आतल्या दारात आत्या येऊन उभी राहिली. आई खालचा पेला उचलता उचलता तशीच. बाईंनी ठकीकडे बघितलं, मग उस्तादांकडे, आणि उस्तादांची खाली गेलेली मान बघून त्यांना आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

“चौदा वर्षं मी या माणसाच्या हातात पाय दिला,” त्या सावकाश म्हणाल्या. “तुझ्या हातात नव्हता दिला.”

ठकीला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो काही उतरला नाही. नुसता इकडून तिकडे सरकला.

बाई उठल्या. उस्तादांसमोर उभ्या राहून त्यांनी हात जोडले. महिनाभर मी तुम्हाला काय काय बोलले, आणि तुम्ही ऐकून घेत राहिलात, म्हणाल्या. डेपोत जाऊन आजच सगळ्यांना खरं सांगते. दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या, तेव्हा ठकीकडे त्यांनी पाहिलं नाही. “गुरुवारी येते, उस्ताद. टाच तेवढी बघा. माप तुम्हीच घ्यायचं.”

त्या पायरी उतरल्या. उजव्या पायाने उतरताना त्यांनी चौकटीला हात लावला, आणि खोलीतल्या चौघांनीही तिकडे बघितलं.

मग आत्या म्हणाली, चहा ठेवते, आणि ठेवायला गेली नाही. उस्तादांनी खिळ्यांच्या डब्याखालचा जाड कागद काढला, कोरी बाजू वर करून दुमडला आणि ठकीपुढे धरला.

“अजून आठ जण आहेत. लिहून घे,” ते म्हणाले.

ती जमिनीवर बसली. डोळे अर्धे मिटून ते सांगत गेले. घड्याळवाले, चौकातले, अर्ध्या पावलाच्या पुढे बूच लागतं, चामडं चालत नाही. शाळेतल्या शिपाईणबाई, पुलापलीकडे तिसरं घर. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ, तिच्यावर तीन तुकडे, वरचा सगळ्यांत पातळ. छापखान्यातले, दोन्ही तळवे सपाट, आतल्या बाजूने उचलायचं. एकेक माणूस, त्याचं घर, त्याचा पाय, कोणत्या वर्षी कुठे काय वाढवलं आणि का. कुठे अडखळले नाहीत, कुठे मागे जाऊन दुरुस्त केलं नाही. ठकीची पेन्सिल त्यांच्या मागे पळत होती आणि मागे पडत होती. आठवे होते एक निवृत्त पोस्टमन. त्यांचे पाय आता वाळत चाललेत, उस्ताद म्हणाले, त्यांच्या कलबुतावर ठोकायचं नव्हतं, उतरवत आणायचं होतं. त्यांच्याकडे आधी जा, त्यांना वाट बघायला वेळ कमी आहे.

मी सगळ्यांना फोन करून सांगू का, असं तिने विचारलं.

“नाही. घरी जायचं,” उस्ताद म्हणाले. “पाय बघितल्याशिवाय त्यांच्याशी बोलू नकोस.”

ठकीने कागदाची घडी केली, चपला घातल्या आणि पोस्टमनच्या घराकडे निघाली.